पॉवर्ड टॉप, दोन वेगवेगळे सब आणि क्रॉसओव्हर: बेस गळतो कुठे?

तुमच्याकडे १२ इंची दोन पॉवर्ड टॉप (आतच ॲम्प असलेले, बेसच्या वरचा आवाज वाजवणारे स्पीकर) आहेत, एक १८ इंची पॉवर्ड सब (फक्त बेस वाजवणारा बॉक्स) आहे, आणि एक जुना १५ इंची पॅसिव्ह, म्हणजे आत ॲम्प नसलेला, सब आहे जो वेगळ्या अॅनालॉग ॲम्पवर चालतो. तुम्ही विचारलंय की क्रॉसओव्हर, म्हणजे सब आणि टॉप यांच्यात आवाज वाटून देणारी सीमा, ८० हर्ट्झला ठेवू की १२० ला, आणि दोन्ही सब एकदम चालू केले की बेस वाढायच्या ऐवजी पातळ का होतो. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो सुटल्याशिवाय ८० की १२० या वादाला काही अर्थ नाही.

तुमच्या १८ इंचीच्या आत डीएसपी, म्हणजे आवाजावर आकड्यांत काम करणारी चिप, आहे. सिग्नल आत शिरला की त्याचे आकडे होतात, ते फिल्टर आणि लिमिटरमधून (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या पायरीतून) जातात आणि मग ॲम्पला मिळतात. यात काही मिलिसेकंद खर्च होतात. १५ इंचीच्या अॅनालॉग ॲम्पमध्ये हा उशीर जवळजवळ नसतोच. समजा दोघांत ५ मिलिसेकंदांचा फरक पडला. १०० हर्ट्झची एक लाट १० मिलिसेकंदांची असते, म्हणजे ५ मिलिसेकंद ही बरोबर अर्धी लाट झाली. एक सब हवा पुढे ढकलत असतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढत असतो, आणि दोघं मिळून १०० हर्ट्झ खाऊन टाकतात. तोच फरक ५० हर्ट्झवर फक्त पाव लाटेचा आहे, म्हणून तिथे बेरीज होते, पण अर्धवट. खाली गडगड ऐकू येते आणि किकचा ठोसा मात्र छातीला लागत नाही, ही तुमची तक्रार नेमकी याच्याशी जुळते.

बेरजेचं गणित एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. सारख्याच जोराचे दोन सब अगदी एका फेजमध्ये, म्हणजे लाटेच्या एकाच टप्प्यावर, असतील तर एकापेक्षा ६ डीबी (डेसिबल) जास्त मिळतात. फेजमध्ये ९० अंशांचा फरक असेल (पूर्ण लाट म्हणजे ३६० अंश) तर ३ डीबी. १२० अंशांना दुसरा सब असून नसल्यासारखा होतो. त्यापुढे गेलात की दुसरा सब नुकसानच करतो. आता दुसरा सब पहिल्यापेक्षा १० डीबीने कमजोर धरा. सगळं जुळलं तर तो फार तर २.४ डीबी वाढवेल, आणि उलटा पडला तर ३.३ डीबी कमी करेल. कमजोर सबकडून मिळण्यासारखं थोडं असतं आणि गमावण्यासारखं जास्त, हे लक्षात ठेवा.

उशिराखेरीज आणखी एक फरक असतो, तो बॉक्सच्या बांधणीतला. पोर्ट (हवेसाठी ठेवलेलं भोक) असलेला बॉक्स त्याच्या ट्यूनिंगखाली, म्हणजे पोर्ट ज्या हर्ट्झला सगळ्यात जोरात वाजतो त्याखाली, साधारण २४ डीबी प्रति ऑक्टेव्हने (हर्ट्झ निम्मे झाले की एक ऑक्टेव्ह) पडतो, बंद बॉक्स १२ ने. जितका हा स्लोप, म्हणजे उतार, तीव्र तितकी फेज जास्त फिरते. एकाचं ट्यूनिंग ३५ हर्ट्झला आणि दुसऱ्याचं ५० ला असेल, तर ३५ ते ५० या पट्ट्यात पहिला अजून पोर्टच्या जोरावर वाजत असतो आणि दुसऱ्याची फेज केव्हाच वळलेली असते. बॅंडपास आणि हॉर्न सबची गोष्ट याहून वेगळी, हॉर्नमध्ये तर आतल्या वाटेची लांबीच उशीर वाढवते. नुसता डिले, म्हणजे मुद्दाम दिलेला उशीर, लावून हे सगळं जुळत नाही. डिले फेजची रेघ तिरपी करतो, तिचा बाक काढू शकत नाही.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे. दोन सबना एकच समजून एकाच आउटपुटवर कधीही टाकू नका. १८ इंची हा तुमचा मुख्य सब. आधी तो आणि टॉप मिळून एक पूर्ण सिस्टिम बनवा, ती सिस्टिम एकटी चांगली वाजली पाहिजे. मग १५ इंचीला स्वतंत्र आउटपुटवर आणा, आणि तो काही भर घालतोय असं दिसलं तरच ठेवा.

आता जोडणी. मिक्सरचं लेफ्ट-राइट चार आउटपुट असलेल्या प्रोसेसरमध्ये (प्रत्येक आउटपुटला वेगळा फिल्टर, डिले आणि लेव्हल देणाऱ्या यंत्रात) घ्या. पहिले दोन आउटपुट टॉपना, तिसरं १८ ला, चौथं १५ च्या ॲम्पला. दोन्ही सबना मोनो बेरीज (लेफ्ट आणि राइट एकत्र) द्या. वेगवेगळे बॉक्स डावीकडे एक आणि उजवीकडे एक ठेवले तर अर्ध्या लोकांना एक बेस मिळतो आणि अर्ध्यांना दुसरा, तेव्हा दोन्ही सब एकाच ठिकाणी, शेजारी-शेजारी जमिनीवर ठेवा. ८० हर्ट्झची पाव लाट साधारण १ मीटर ७ सेंटीमीटर असते. दोन्ही सबच्या कोनांच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यांच्या) केंद्रांमधलं अंतर त्याच्या आत राहिलं की जागेमुळे होणारी भांडणं बऱ्यापैकी मिटतात. मागची भिंतही बघा. सबचं तोंड भिंतीपासून मीटरभर पुढे असेल तर भिंतीवरून परतलेली लाट ८६ हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडते. एकतर भिंतीला टेकवा, नाहीतर चांगला लांब आणा.

यानंतर सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा: एकाच रस्त्यावर दोन-दोन फिल्टर. पॉवर्ड बॉक्सच्या मागे पाहा. टॉपवर कुठेतरी ‘सब’ किंवा ‘१०० हर्ट्झ’ असा स्विच असतो, तो टॉपचा हाय पास, म्हणजे खालचा आवाज कापणारा फिल्टर. सबच्या मागे लो पासचा (वरचा आवाज कापणाऱ्या फिल्टरचा) नॉब किंवा तीन ठिकाणी अडकणारा स्विच असतो. सबच्या आउटपुटवरही कधी कधी हाय पास बसवलेला असतो. आणि वरून तुमचा प्रोसेसर. प्रोसेसरमध्ये १०० हर्ट्झला हाय पास लावला आणि टॉपच्या मागचा स्विचही चालू राहिला, तर १०० हर्ट्झला टॉप ६ डीबीऐवजी ९ किंवा १२ डीबी खाली जातो आणि फेज आणखी फिरते. मग लोक तो खड्डा इक्वलायझरने भरायला जातात. तो कधीच नीट भरत नाही.

नियम एकच: प्रत्येक बॉक्सच्या वाट्याला एकच क्रॉसओव्हर. टॉपचा स्विच बंद करून पूर्ण रेंज द्या आणि हाय पास प्रोसेसरमध्ये लावा. सबचा आतला लो पास बंद होत असेल तर बंद करा. होत नसेल तर त्याला सगळ्यात वरच्या आकड्यावर नेऊन खरा फिल्टर प्रोसेसरमध्ये लावा. काही पॉवर्ड सबमध्ये आतला फिल्टर ठरलेलाच असतो, हलवताच येत नाही. मग त्याच्याशी भांडू नका. त्या आउटपुटवर प्रोसेसरचा लो पास काढून टाका, फक्त लेव्हल, डिले आणि पोलॅरिटी (लाट सरळ की उलटी) वापरा, आणि टॉपला त्याच्याशी जुळवा. टॉपच्या आत वूफर आणि हॉर्न यांच्यामधला जो क्रॉसओव्हर असतो तो कंपनीने बसवलेला आहे, त्याच्याशी तुमचा काही संबंध नाही.

टॉपच्या मागे ‘डीजे’ किंवा ‘बूस्ट’ नावाचा प्रीसेट असेल तर तो फ्लॅटवर आणा. अशा प्रीसेटमध्ये बऱ्याचदा कमी आवाजात बेस उचललेला असतो आणि आवाज वाढला की तो आपोआप उतरतो. तुम्ही हळू आवाजात जुळवलेलं मोठ्या आवाजात बदललेलं असेल आणि कारण सापडणार नाही.

आता कुठे फिल्टरचा आकडा. तुमच्या सेटला मी १०० हर्ट्झपासून सुरुवात करेन, दोन्ही बाजूंना २४ डीबीचा लिंकविट्झ-रायली. सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांच्या नावाचा हा फिल्टर, लिंकविट्झचा त्यावरचा लेख १९७६ चा. त्याचा गुण असा की क्रॉसओव्हरच्या आकड्यावर दोन्ही बाजू ६ डीबी खाली असतात आणि एका फेजमध्ये असतात, त्यामुळे बेरीज सपाट येते. २४ डीबीचा बटरवर्थ लावला तर दोन्ही बाजू ३ डीबीच खाली राहतात आणि नेमक्या जोडावर ३ डीबीचा फुगवटा येतो. १२ डीबीचा लिंकविट्झ-रायली असेल तर एका बाजूची पोलॅरिटी उलटावी लागते. प्रोसेसरच्या मेनूत ही नावं एकाखाली एक असतात, निवडताना बोट घसरू देऊ नका.

१०० का? टॉपचा १२ इंची वूफर तेवढाच आवाज एक ऑक्टेव्ह खाली काढायला गेला तर त्याच्या कोनाला चौपट हलावं लागतं. खालचं ओझं काढून घेतलं की टॉप मोकळा होतो, माणसाचा आवाज स्वच्छ येतो आणि टॉपचा लिमिटर दर किकला लुकलुकणं थांबतं. ८० ला ठेवलं तर टॉपवर ओझं राहतं. १२० ला नेलं तर पुरुषाच्या बोलण्याचा पायाच सबमध्ये जातो, कारण तो साधारण ८५ ते १५५ हर्ट्झमध्ये असतो. सब टॉपपासून लांब असेल तर बोलणारा समोर आणि छातीचा आवाज कोपऱ्यातून, असं विचित्र ऐकू येतं. टॉप थेट सबच्या वर खांबावर असेल तर १२० चालून जातं.

मात्र हा आकडा कागदावरचा. टॉपचा बॉक्स स्वतःही खाली उतरत असतो, सब वर उतरत असतो, आणि कानाला येतो तो फिल्टर अधिक बॉक्स. म्हणून मेनूत लिंकविट्झ-रायली निवडला की फेज जुळलीच असं धरू नका. मोजावं लागतं.

मोजण्यासाठी एक मेजरमेंट माइक, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि दोन चॅनेलची तुलना करणारं सॉफ्टवेअर हवं. ओपन साउंड मीटर मोफत आहे, रूम ईक्यू विझार्डही मोफत आहे, स्मार्ट (Smaart) विकत घ्यावं लागतं. इंटरफेसचं एक आउटपुट प्रोसेसरला द्या आणि तेच परत त्याच्या दुसऱ्या इनपुटला आणा, हा तुमचा रेफरन्स. माइक श्रोत्यांच्या जागेच्या मध्यावर जमिनीवर आडवा ठेवा, म्हणजे जमिनीवरून उसळलेली लाट वेगळी येऊन गोंधळ घालत नाही.

सगळं म्यूट करून फक्त एक टॉप चालू करा, पिंक नॉईज (सगळे सूर एकत्र असलेला खळखळाट) द्या, सॉफ्टवेअरला डिले शोधायला सांगा आणि तो आकडा कुलूपबंद करा. यापुढे सब मोजताना डिले शोधायचं बटण पुन्हा दाबायचं नाही. दाबलंत तर सब आणि टॉप यांच्यात वेळेचा जो फरक मोजायला निघालात तोच सॉफ्टवेअर पुसून टाकेल, आणि स्क्रीनवर सगळं छान दिसेल. टॉपची रेघ साठवा, मग टॉप म्यूट करून १८ ची साठवा. ७० ते १४० हर्ट्झमध्ये दोघांच्या फेजच्या रेघा बघा. जिची घसरण जास्त तीव्र, तो बॉक्स उशिरा पोचतोय. उशीर कमी करता येत नाही, म्हणून लवकर येणाऱ्याला डिले द्यायचा. बहुतेक वेळा पॉवर्ड सबच मागे असतो आणि टॉपला थांबवावं लागतं, हे बघून लोकांना आश्चर्य वाटतं. रेघा समांतर झाल्या आणि १८० अंशांनी दूर राहिल्या तर पोलॅरिटी उलटा. रेघा त्या पट्ट्यात एकमेकींवर बसल्या की थांबा.

माइक नसेल तर कानाने करायची एक पद्धत आहे. १०० हर्ट्झचा साइन टोन (एकाच सुराचा शुद्ध आवाज) लावा, टॉप आणि सब त्या टोनला सारखेच मोठे करा, सबची पोलॅरिटी उलटी करा. मग लवकर येणाऱ्याचा डिले अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने वाढवत जा. टोन हळूहळू बारीक होत जातो, एका जागी जवळजवळ विझतो, आणि पुढे गेलात की परत वर येतो. ती विझण्याची जागा पकडा आणि पोलॅरिटी पुन्हा सरळ करा. पण इथे एक फसगत आहे. १०० हर्ट्झवर पूर्ण एक लाट, म्हणजे १० मिलिसेकंद चुकलात तरी टोन तसाच विझेल. म्हणून ८० आणि १२५ हर्ट्झलाही तीच चाचणी करा. तिन्ही टोन साधारण एकाच डिलेला विझले तरच तो डिले खरा.

आता १५ इंची. त्याला हात लावण्याआधी त्याचं ट्यूनिंग शोधा, कारण पॅसिव्ह बॉक्सला आतला हाय पास नसतो आणि ट्यूनिंगच्या खाली पोर्ट कोनाला आधार देणं सोडून देतो. पोर्ट आणि कोन दोन्ही समोर दिसत असतील तर हे डोळ्यांनी शोधता येतं. आवाज हळू ठेवा, ८० हर्ट्झचा साइन टोन लावा आणि हळूहळू खाली या. पोर्टसमोर टिश्यू कागदाची पातळ पट्टी धरा. एका ठिकाणी पट्टी सगळ्यात जोरात फडफडते आणि कोन मात्र जवळजवळ स्थिर दिसतो, बोट लावलं तरी जेमतेम कंप जाणवतो. तेच ट्यूनिंग. आणखी पाच-सात हर्ट्झ खाली या, तोच कोन मोठमोठ्या हेलकाव्यांनी पुढेमागे जायला लागेल आणि कानाला मात्र फारसं काही येणार नाही. असे सब जळण्याआधी फाटतात. ट्यूनिंग ४८ हर्ट्झला सापडलं तर हाय पास ४५ ला लावा, २४ डीबीचा. बॅस गिटारची सगळ्यात जाडी तार ४१ हर्ट्झची असते, ती या सबकडून मागू नका, ती १८ वाजवेल.

लिमिटरही याच वेळी. समजा ड्रायव्हर ४०० वॅट, ८ ओहमचा आहे. ४०० गुणिले ८ चं वर्गमूळ साधारण ५६.६ व्होल्ट. ॲम्पचा गेन ३२ डीबी असेल तर तो ४० पट होतो, म्हणजे ॲम्पच्या इनपुटला १.४ व्होल्ट पोचले की मर्यादा आली. डीबीयूत (सिग्नलच्या व्होल्टेजचं एकक) हे सुमारे ५. हा सरासरी पॉवरचा लिमिटर समजा, त्याचा अटॅक, म्हणजे लागण्याचा वेग, संथ ठेवा, आणि ॲम्पवरचा गेनचा नॉब नंतर कोणी फिरवणार नाही अशी व्यवस्था करा. नॉब फिरला की हा हिशेब संपला.

मग १५ ची रेघ मोजा, १८ च्या साठवलेल्या रेघेशी ४५ ते १०० हर्ट्झमध्ये ताडून बघा. इथे बहुधा १५ लवकर येत असेल, तेव्हा डिले त्यालाच. १५ उशिरा येत असेल तर १८ आणि दोन्ही टॉप या तिघांनाही सारखाच डिले वाढवा, म्हणजे आधी जुळवलेलं मोडत नाही. लेव्हल अशी लावा की दोन्ही सबचे लिमिटर साधारण एकाच वेळी लागतील. कमजोर सबला हट्टाने १८ च्या बरोबरीला आणलं तर तो आधी लिमिटरला लागतो आणि त्यापुढे दोघांचा तोल आवाजागणिक बदलत राहतो. १५ चा वाटा ६ डीबीने कमी असला आणि फेज जुळली तरी साडेतीन डीबी वाढतात. ते कमी नाहीत.

शेवटी दोन्ही चालू करून बेरजेची रेघ घ्या आणि एकट्या १८ च्या रेघेवर ठेवा. बेरजेची रेघ ४० ते १०० मध्ये कुठेही एकट्या १८ च्या खाली जाता कामा नये. एखाद्या जागी फेज फाटत असेल आणि डिलेने सुटत नसेल, तर प्रोसेसरमध्ये ऑल पास फिल्टर असतो. तो लेव्हल न बदलता फेजला बाक देतो. एक वापरून बघा, तीन-चार लावायची वेळ आली तर प्रयत्न सोडा.

सोडायचं म्हणजे सब फेकायचा असं नाही. एक मार्ग म्हणजे काम वाटून देणं: १८ ला साधारण ३५ ते ६०, १५ ला ६० ते १००. दोघं एकाच पट्ट्यात वाजत नाहीत म्हणून भांडण फक्त ६० च्या जोडापुरतं उरतं, आणि तिथे एका डिलेने भागतं. जुन्या १५ इंचीचा ठोसा अनेकदा सुंदर असतो, त्याला असं काम शोभतं. तोटा हा की ६० च्या वर १८ ची ताकद वाया जाते. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: १५ ला मुख्य सिस्टिममधून काढून ड्रमवाल्याच्या मागे मॉनिटर म्हणून द्या, फक्त किक आणि बॅस गिटार पाठवा. त्याला अंगावर बेस मिळतो, तुम्हाला समोर स्वच्छ.

प्रोसेसर अजिबात नसेल तर सिग्नल आधी १८ मध्ये न्या आणि त्याच्या हाय पास आउटपुटमधून टॉपना द्या, टॉपच्या मागचा स्विच बंद ठेवून. सबचं आउटपुट फक्त पूर्ण रेंजचं असेल तर मात्र टॉपचा स्विच चालू हवा. १५ साठी तुमच्या हातात पोलॅरिटीचा स्विच आणि बॉक्स पुढेमागे सरकवणं एवढंच राहतं. १ मिलिसेकंद म्हणजे ३४ सेंटीमीटर, तेव्हा ५ मिलिसेकंदांसाठी त्याला पावणेदोन मीटर मागे न्यावं लागेल. अशा स्थितीत मी १५ चालवणार नाही.

घरच्या एव्ही रिसीव्हरवर दोन वेगळे सब जोडणाऱ्यांसाठीही नियम हेच, फक्त क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ आणि सबचा स्वतःचा लो पास सगळ्यात वर. बंद खोलीत भिंतींमुळे बेसचे डोंगर आणि खड्डे जागेनुसार बदलतात, त्यामुळे तिथे दुसरा, कमजोर सबसुद्धा वेगळ्या जागी ठेवून पहिल्याचा खड्डा भरू शकतो. रिसीव्हरची दोन सब आउटपुट खरंच स्वतंत्र डिले देतात की आतून एकच आहेत, हे आधी तपासा.

सगळं जुळलं की ओळखीचं गाणं लावा, ज्यात किक आणि बॅस गिटार वेगवेगळी ऐकू येतात असं. १५ म्यूट करा, चालू करा, पुन्हा म्यूट करा. म्यूट केल्यावर बेस घटला पाहिजे, आणि चालू केल्यावर किकचा ठोसा मऊ होता कामा नये. हे हळू आवाजात आणि कार्यक्रमाच्या आवाजात, दोन्हीकडे करा. पटलं तर प्रीसेट साठवा. १५ आणि १८ नेहमी तसेच शेजारी-शेजारी ठेवलेत तर त्यांच्यातला डिले पुढच्या ठिकाणीही तोच चालेल. टॉप आणि सब यांच्यातला डिले मात्र टॉपची उंची किंवा जागा बदलली की दर वेळी नव्याने मोजायचा.